कमलवहिनीचं पथ्य

कमलवहिनीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भिंतीवरचं वरण पुसत होती.

कॅम्प-एक या कामगार वस्तीतल्या त्या गल्लीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. संध्याकाळी ड्युटीवरून येऊन मी दारात चपला काढत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक स्टीलची थाळी भिरभिरत बाहेर आली, नालीच्या काठावर आपटली आणि माझ्या घोट्याला लागून पडली. मागोमाग पुरुषाचं ओरडणं, मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग सगळं चूप. थाळी परत द्यायला मी गेले तर दार उघडंच होतं. एक बुटकी, काटक बाई पदर खोचून भिंतीवरून ओघळणारं पिवळं वरण ओल्या फडक्यानं पुसत होती. एक धिप्पाड माणूस पलंगावर छाती दाबून बसला होता आणि मोठमोठ्यानं ढेकर देत होता.

"लागलं काय तुमाले?" तिनं माझ्या पायाकडे पाहून विचारलं. तिच्या स्वतःच्या ओठातून रक्त येत होतं, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मले नाही लागलं. मी बाजूलेच राहाले आली. दवाखान्यात सिस्टर आहे. तुमच्या ओठाले टाका लागेल."

"राहू द्या. पित्ताचा मानूस आहे तो," ती हळूच म्हणाली. "वरणात तिखट मीच जास्त टाकलं."

पुढची कित्येक वर्षं हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं. पित्ताचा मानूस आहे. हात धरला की बोटांचे ठसे उमटलेले, कपाळावर टेंगूळ, आणि तोंडात हेच. जसं काही तिचे यजमान देवरावभाऊ मारतच नव्हते. त्यांच्या पोटातून कोणी दुसरंच उठून येत होतं, थाळ्या फेकत होतं, आणि काम झालं की परत आत जाऊन झोपत होतं.

गल्लीत तिला तोऱ्याची म्हणत. तुम्ही बोलायला लागलात की ती तोंड दुसरीकडे फिरवायची. मलाही पहिले दोन महिने राग यायचा. आपण हिला मेथीचा भाव विचारतो आणि ही बिजलीच्या खांबाकडे पाहते! मग एकदा मी तिच्या डाव्या बाजूनं हाक मारली, दोनदा, तीनदा, आणि ती जागची हलली नाही. तेव्हा समजलं. ती तोंड फिरवत नव्हती, उजवा कान पुढे करत होती. डाव्याचा पडदा लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी एका थापडेत फाटला होता.

"इलाज नाही केला?"

"कायचा इलाज. एक कान पुरते मले," ती म्हणाली. "त्यायचा आवाज मोठा आहे."

ती हसली. ती असं काही बोलली की हसायची आणि मला समोर उभं राहवत नसे.

त्या काळात ती कधी मांडी घालून बसलेली मी पाहिली नाही. उकिडवी बसायची, दाराच्या तोंडाशी, एक टाच उचललेली. भाजी निवडताना, मुलीची वेणी घालताना, माझ्याकडे चहाला आली तरी तशीच. मुलगी प्रणाली तेव्हा शाळेत होती. तीही आईसारखीच बसायला शिकली होती.

देवरावभाऊ रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील पोलादाच्या प्लांटच्या कामाला म्हणून इकडे छत्तीसगढात आलेले. माणूस सगळा वाईट होता असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर गल्लीतले लोक मला खोटं पाडतील. हापसी बिघडली की तेच दुरुस्त करत. कोणाकडे मयत झालं तर तिरडी बांधायला पहिले तेच हजर. पण पानठेल्यावर एकानं थट्टेत त्यांना "ढेकर मास्टर" म्हटलं, तर सायकलच्या चेननं त्याचं तोंड फोडलं. मी त्या वेळी ठेल्यासमोरून जात होते. तो माणूस दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला आणि बोटांमधून रक्त गळालं. देवरावभाऊंनी चेन गुंडाळून खिशात घातली, घरी गेले, आणि दारातूनच म्हणाले, "कमल, थंड दूध दे. छातीत आग पडली आहे."

तिनं दूध दिलं. शर्ट भिजत घातला.

गल्लीनं काय केलं? गल्ली ऐकत होती. भिंती एका विटेच्या. तिकडे सुरू झालं की इकडे टीव्हीचा आवाज वाढायचा. आमच्याकडेही वाढायचा, रिमोट माझ्याच हातात असायचा. मी नर्स, दुसऱ्या दिवशी आयोडीन लावायला मी तयार, पण मधे पडायला नाही. हे लिहून ठेवते, कारण लपवून काही फायदा नाही.

मग एका दिवशी देवरावभाऊ आपल्या पायांनी आमच्या दवाखान्यात आले. छातीची जळजळ वाढली होती, आंबट पाणी घशाशी येत होतं. छातीचं दुखणं म्हणून डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. गिळायला त्रास नाही, वजन उतरलेलं नाही, उलटीत रक्त नाही, शौच काळी नाही. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आम्लपित्त आहे, थोडे दिवस गोळी घ्या, बाकी सगळं घरच्या घरी सांभाळायचं आहे. आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "सिस्टर तुमच्या शेजारीच आहेत ना, त्या समजावतील."

मी वहिनीला समजावलं. ती माझ्या ओट्यावर उकिडवी बसली, उजवा कान माझ्याकडे करून. मी सांगितलं, एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं. झोपायच्या तीन तास आधी जेवण आटपायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. उशा रचून उपयोग नाही, त्यानं पोट दुमडते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या. डाव्या कुशीवर झोपायचं. उपाशीपोटी चहा बंद, दारू बंद, दातांना लावायची तंबाखूची गुडाखू बंद. दुधानं घडीभर बरं वाटते, मंग आणखी जळजळ होऊ शकते. ज्यानं त्रास होते ते खाणं ओळखायचं आणि तेवढंच टाळायचं.

"आणि पोटावर घट्ट काही नको. घरी आले की पट्टा काढून ठेवाले सांगा."

तिचा चेहरा पांढरा पडला. 

"पट्टा काढा असं नोका सांगू, सिस्टर," ती म्हणाली. "नाडीचा पायजामा घाला म्हना."

मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसंच लिहून आणलं. नाडीचा पायजामा. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही.

त्यानंतर तिनं जे आरंभलं, तसं पथ्य मी कोणत्याही वॉर्डात पाहिलेलं नाही. पडलेल्या एका भिंतीच्या विटा तिनं डोक्यावरून आणल्या, धुतल्या, पलंगाखाली लावल्या आणि पाण्याचा लोटा ठेवून उतार तपासला. गल्लीतल्या छत्तीसगढी बायकांकडून बासी शिकली, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. सकाळच्या कडक चहाऐवजी तो वाटीभर समोर. संध्याकाळी साडेसहाला मुगाचं वरण, दोडका, दोन पोळ्या. सावजी रस्सा तिच्या हातचा गल्लीत नावाजलेला, तो बंद. देवरावभाऊ जेवून पलंगाकडे निघाले की ही दारात उभी. "चला, वीस मिन्ट फिरून या. सिस्टरनं सांगतलं." माझं नाव ती ढालीसारखं पुढे करायची. आश्चर्य म्हणजे ते जायचे. गुडाखूची डबी तिनं एकदा नालीत फेकली, त्याबद्दल तिला काय मिळालं ते तिच्या चालण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डबी आणली. ती पण तिनं फेकली.

"अवो, मरसान अशा," मी म्हटलं.

"एकदा पित्त गेलं ना, सिस्टर, की सगळं थांबते. एवढंच तर आहे मधात."

तिचा पक्का विश्वास होता. आणि खरं सांगते, माझाही थोडा बसला होता. आपल्याकडे म्हणतातच ना, पित्त खवळलं. मला वाटायचं, चला, पोट शांत झालं तर डोकंही होईल. मी तिला किराणा दुकानाचं एक कॅलेंडर दिलं. म्हटलं, ज्या दिवशी त्यांना जळजळ होईल त्या तारखेला गोल करा, काय खाल्लं ते बाजूला लिहा. नेमकं कशानं होते ते कळेल.

पहिल्या महिन्यात गोलच गोल. दुसऱ्यात तुरळक. मटण, वांग्याची भाजी, लग्नातलं जेवण, असं बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं. मी खूश होते. पेशंट सुधारत होता.

चौथ्या महिन्यात ती दुपारी कॅलेंडर घेऊन माझ्याकडे आली. प्रणाली तेव्हा आयटीआयला जात होती, देवरावभाऊ ड्युटीवर. तिनं कॅलेंडर माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती खाली मांडी घालून बसली.

"पाहा."

मी पानं उलटली. गोल कमी होत होत बंद झाले होते. पण कोपऱ्यांत बारीक फुल्या होत्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

"ह्या कायच्या?"

"तुमी फक्त जळजळीचं सांगतलं होतं. फुल्या मी माह्या मनानं मारल्या." तिनं एका तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी मूग होते. पावने सातले जेवले, फिरून आले, एक ढेकर नाही. मंग माहं डोकं धरून कपाटावर आपटलं, कावून तं पंख्याची बटन मी उशिरा दाबली. या दिवशी बासी, काही त्रास नाही. या दिवशी लाथ. आणि हे पाहा, इथं गोल आहे, मोठा. दिवसभर आग होती छातीत. त्या दिवशी त्यायले मिलमध्ये सुपरवायझरनं सगळ्यायच्या समोर आईवरून शिवी देल्ली. हे काय म्हणाले माहीत आहे? 'जी साहब.' त्यायच्या संगातला मानूस हसत सांगून राहिला होता मले. आग होती तरी 'जी साहब.'"

मी परत पहिलं पान काढलं.

"पित्त तं गेलं, सिस्टर," ती म्हणाली. "मंग आता कोन मारून राहिलं मले?"

एवढी वर्षं तिच्या घरात जी एक सबब होती, ती तिनं स्वतःच्या हातानं, विटा लावून, मूग शिजवून, डब्या फेकून बरी केली होती. आता तिच्यापुढे नुसता नवरा उरला होता. ती रडली नाही. कॅलेंडरची गुंडाळी केली, पोलक्यात खोचली, आणि दळण आणायला गेली. "पित्ताचा मानूस आहे" हे तिच्या तोंडून मी परत ऐकलं नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तो रविवार आला.

दुपारची वेळ होती. मी तिचा डबा परत द्यायला गेले आणि उंबऱ्यातच थांबले. प्रणालीला रायपूरला अप्रेंटिसशिप लागली होती, इलेक्ट्रिशियनची. तिथंच खोली घेऊन राहावं लागणार होतं. ती बापाला सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, जशी ही मुलं बोलतात.

"बाबा, सिर्फ एक साल. बाकी मुली पण जाऊन राहिल्या."

"नाही म्हनलं ना एकदा."

"आप पहले लेटर तो पढ़ो ना—"

देवरावभाऊंनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर मारलं. एकदा. तिची भुवई फुटली. मी इतकी जवळ होते की रक्ताचा थेंब माझ्या हातातल्या डब्यावर पडला. त्यांनी दुसऱ्यांदा मारायला तिला मागे ओढलं.

वहिनी पाट्यावर कोथिंबीर वाटत होती. ती उठली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत वरवंटा होता.  वेणी गुंडाळलेल्या मनगटावर तिनं तो वरून खाली आणला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

देवरावभाऊंचं ओरडणं सगळ्या कॅम्पात गेलं असेल. वेणी सुटली, प्रणाली माझ्या अंगावर येऊन पडली. ते डाव्या हातानं वहिनीवर धावले. तिनं खांद्यावर मारला. ते गुडघ्यांवर बसले. तिनं वरवंटा तिसऱ्यांदा उचलला, डोक्याच्या वर, आणि मी किंचाळले, "वहिनी!"

ती थांबली. हात तसेच वर.

"डोक्यात नाही मारत, सिस्टर," ती धापा टाकत म्हणाली. "कुठं मारून राहिली ते मले मालूम आहे."

मग खाली वाकून नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "पोट्टीले हात लावान तं दुसरा बी मोडीन. ऐकलं काय? छातीत जळजळ आहे काय आज? नाही ना? मले पन नाही."

गल्ली दारात जमली होती. त्या दिवशी कोणाचा टीव्ही सुरू नव्हता.

मी वर्तमानपत्राची जाड घडी करून मनगटाला आधार बांधला, प्रणालीची भुवई दाबून धरली. ऑटोत वहिनी समोर बसली, वरवंटा घरीच ठेवून. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. देवरावभाऊ कण्हत म्हणाले, "पडलो."

"पडले नाही," वहिनी म्हणाली. "मी मारलं. वरवंट्यानं. हेच लिहा. आणि पोरीची भुवई त्यायनं फोडली, ते पन लिहा."

तिथून आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या हवालदारानं सगळं ऐकलं, प्रणालीच्या टाक्यांकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "बाई, घर की बात है. आदमी का हाथ आपने तोड़ा है, उल्टा आप पर केस बन जाएगा. घर जाओ, समझौता कर लो."

वहिनीनं तोंड फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला.

"जोर से बोलो साहब. बाएँ कान से सुनाई नहीं देता. मेरे आदमी ने ही फोड़ा है. वो भी लिखो." आणि घरून निघताना पोलक्यात खोचलेलं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. "और ये एक-एक दिन. मुझ पर केस बनता है तो बनाओ. मैं मना कहाँ कर रही?"

त्यानं एकेक पान उलटलं. मग त्यानं पेन उचललं.

त्या दोघी आठ दिवस माझ्याकडे राहिल्या. तिसऱ्या संध्याकाळी जेवणं झाली आणि वहिनी भिंतीला टेकून बसली, एक हात छातीच्या हाडावर, डोळे मिटलेले. घशाशी आलेलं काही ती गिळत होती. मी नर्स. ही खूण मी शंभर पेशंटांत ओळखली असती.

"वहिनी, तुमाले होते काय जळजळ?"

"होते ना."

"कधीपासून?"

"ही पोटात होती तवापासून," तिनं प्रणालीकडे हनुवटी केली.

म्हणजे वीस वर्षं. वीस वर्षं ती सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्या, उरलेलं तिखटजाळ खात होती, लगेच आडवी होत होती, झोपेत आंबट पाण्यानं ठसका लागून उठत होती. मी तिला समोर बसवून आम्लपित्ताचं सगळं पथ्य शिकवलं, आणि हे तिला स्वतःला आहे का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

"सांगतलं कावून नाही?"

"कोनी विचारलं तं सांगन ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. ती फक्त उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. धोक्याचं काही निघालं नाही. मी माझ्या पलंगाखाली विटा लावल्या आणि तिला तिथं झोपवलं. ती एवढी लाजली की काय सांगू! नव्या नवरीनं लाजावं तशी. "माह्यासाठी कायले विटा," म्हणाली. संध्याकाळी सातला मी तिचं ताट वाढलं तर ती आधी सगळ्यांचं वाढायला उठली. मी खांदा दाबून खाली बसवलं. चार-पाच दिवस रोज दाबावं लागलं.

मग तिला पद्मनाभपूरला मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाकाचं काम लागलं, राहायला मागची खोली. प्रणाली रायपूरला गेली. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. वहिनी प्रत्येक तारखेला वेळेआधी हजर असायची. देवरावभाऊंचं मनगट थोडं वाकडंच जुळलं, मिलमधलं काम हलकं झालं, आणि ते एकटे त्या घरात राहू लागले. बाटली परत आली. मनगट ठणकायचं म्हणून दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी, मनाला येईल तशा. मी एकदा टोकलं. म्हणाले, "तू चूप बस सिस्टर, तुह्याच शिकवनीनं माहं घर मोडलं."

दीडेक वर्षानं, एका सकाळी मी होस्टेलवर तिला भेटायला गेले होते. ती पोहे करत होती. तिचा मोबाइल वाजला. तिनं नंबर पाहिला, गॅस बारीक केला, उजव्या कानाला लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. तो मोठा आवाज राहिला नव्हता.

"कमल, कालपासून संडास काळी होऊन राहिली. डांबरासारखी. उठलं की चक्कर येते."

ती एकदम ताठ झाली. काळी शौच, म्हणजे आत कुठं तरी रक्त जाते आहे, हे मीच तिला सांगितलं होतं. तिला सगळं पाठ होतं.

"रक्ताची उलटी झाली काय?"

"आता झाली. थोडी. तू ये."

मी तिच्याकडे पाहत होते. वीस वर्षांत ती हाकेला गेली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

"उठू नोका," ती म्हणाली. "काही खाऊ नोका, पिऊ नोका, ती गोळी तं बिलकुल नोका खाऊ. एका कुशीवर पडून राहा. दाराची कडी फक्त काढून ठेवा. मी गाडी पाठवतो."

"तू ये ना."

"गाडी येईल."

तिनं फोन कापला, एकशेआठ लावला, पत्ता सांगितला, खुणा सांगितल्या, हापसीच्या समोरचं घर, काळी शौच, रक्ताची उलटी, माणूस एकटा आहे. मग गल्लीतल्या दोघांना फोन करून दारात थांबायला सांगितलं.  सगळं झाल्यावर ती ओट्याला धरून उभी राहिली आणि तिनं कढईवर उलथनं इतक्या जोरात आपटलं की दांडा वाकला. पुन्हा आपटलं. पुन्हा. पोहे ओटाभर उडाले. जेवणघरातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, चलायचं काय? मी येतो संग," मी म्हटलं.

"नाही."

"वाचतील ते. वेळेवर फोन केला तुमी."

"वाचू दे ना. मरो असं मी म्हनलं काय?" ती ओरडली. माझ्यावर ती पहिल्यांदा ओरडली. "वाचू दे. पन मी नाही जात."

ते वाचले. पोटात व्रण निघाला, रक्त चढवावं लागलं. पाहायला मी गेले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी नाही हे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांचा एक भाऊ येऊन त्यांना गावी घेऊन गेला.

वहिनीला मी शेवटची पाहिली ती आम्ही इथून कायमचं निघायच्या आधी. माझा मुलगा आम्हाला नागपूरला नेणार होता, सामान बांधून झालं होतं. सकाळी निरोप घ्यायला पद्मनाभपूरला गेले तर होस्टेलसमोरच्या रस्त्यावर दहा-बारा मुली उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. मधोमध वहिनी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर कोणाचं तरी गुलाबी हेल्मेट, आणि खाली प्रणालीनं आपल्या पगारातून घेऊन दिलेली जुनी स्कूटी.

माझ्यासमोरच ती पडली. स्कूटी एकीकडे, ती एकीकडे. कोपर सोललं, गुडघ्यातून रक्त आलं. मी धावले. ती उठली, स्कूटीला एक सणसणीत लाथ घातली, तिच्या कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि परत उचलून उभी केली.

"वहिनी, पट्टी करू द्या आधी. पन्नाशी झाली तुमची, कशाले हे?"

"मंग कधी शिकू?" ती म्हणाली. "थांबा जरा. कोपऱ्यावरून फिरून येतो, मंग चहा घेऊ."

ती गेली. ब्रेक समजून ती हॉर्न दाबत होती, सारखा, लांबलचक. भाजीवाला गाडीसकट बाजूला झाला, दोन कुत्रे नालीत उतरले, एक म्हातारा कठड्याला चिकटला. ती मधल्या पट्टीवरून सरळ, हलत-डुलत, रक्ताळलेला गुडघा बाहेर काढून कोपऱ्यापर्यंत पोचली. तिथं वळायचं होतं. ती वळली नाही, तिला अजून वळवता येत नव्हतं. ती तशीच सरळ पुढे निघून गेली, आणि हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला.